वाशिम सुधारलं, पण ते योजनेमुळेच का?

‘आपला जिल्हा डेल्टा रँकिंगमध्ये वर आला’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला की आपण लगेच फॉरवर्ड करतो. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत : वाशिम, नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. जिल्हा आधीपेक्षा किती पुढे सरकला, यावर नीती आयोग डेल्टा रँक देतो. रँक चांगली आली तर जादा निधीही मिळतो.

पण डेल्टा म्हणजे नुसता फरक. तो कशामुळे पडला, हे त्यातून कळत नाही.

समजा, वाशिममध्ये दवाखान्यात होणारी बाळंतपणं शंभरातली ८० होती, ती ९० झाली. (आकडे माझ्या मनाचे, फक्त हिशेबासाठी.) त्याच काळात कार्यक्रमात नसलेल्या अकोल्यात ८५ ची ९२ झाली. म्हणजे ७ ची वाढ बहुधा तशीही झाली असती. कार्यक्रमाच्या खात्यात उरतात ३. या पद्धतीला ‘डिफरन्स इन डिफरन्सेस’ म्हणतात.

असे हिशेब करायला मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेली ‘डूव्हाय’ ही पायथन लायब्ररी फुकट मिळते. तिच्या चार पायऱ्या आहेत. कशामुळे काय घडतं याचं चित्र काढा, हातातल्या डेटातून उत्तर निघू शकतं का ते बघा, आकडा काढा आणि मग तोच आकडा खोटा पाडायचा प्रयत्न करा. मला ही शेवटची पायरी सगळ्यात आवडते. खऱ्या योजनेच्या जागी रँडम व्हॅल्यू टाकायच्या; तरीही ‘परिणाम’ दिसला तर आपलंच काहीतरी गंडलंय.

आता अडचण. अकोलाच का घ्यायचं? १ जुलै १९९८ पर्यंत वाशिम अकोला जिल्ह्यातच होतं, म्हणून जोडी बरी वाटते. पण कृषी विद्यापीठ आणि सरकारी मेडिकल कॉलेज अकोल्यात आहे. शिवाय वाशिम निवडलं गेलं तेच मागे होतं म्हणून, आणि खालून वर चढायला जागा जास्त असते. कार्यक्रमाआधी दोघांची चाल सारखी होती, हे दाखवावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र जिल्हावार आकडे मिळायला लागले २०१५-१६ च्या फेरीपासून. पुढच्या फेरीसाठी महाराष्ट्रात पाहणी झाली २०१९ मध्ये. आधीचा एक आकडा, नंतरचा एक. यातून आधीची चाल दिसणार कशी?

कोडला याचं काही देणंघेणं नसतं. एररही येत नाही. तीन दशांशांपर्यंत आकडा छापून येतो. आणि डेल्टा रँकिंग होतं ते निवडलेल्या जिल्ह्यांमध्येच. अकोला, हिंगोली त्या यादीत नाहीतच.