तबकडीचे रसिक

वयोवृद्ध बँड एकत्र येऊन दौरे काढतात आणि पांढऱ्या केसांचे श्रोते त्यांना गर्दी करतात, या दृश्याकडे पाहून समीक्षक एकच शब्द उच्चारतात : स्मरणरंजन. शब्द उच्चारला की विषय संपतो. अमेरिकेतील कंट्री रॉक आणि त्याच्या शेजारच्या बँडांच्या जोडदौऱ्यांबाबत हेच घडत आले आहे. आमच्या मते हा आरोप चुकीच्या जागी केला जातो. या रसिकांच्या अभिरुचीत दोष आहे; पण तो त्यांना जुने आवडते यात नाही.

आधी थोडे तपशील. लिनर्ड स्किनर्ड या बँडने २०१८ साली निरोपाचा दौरा आरंभिला. त्यात मार्शल टकर बँड, चार्ली डॅनियल्स बँड, बॅड कंपनी असे सोबती ठिकठिकाणी आलटूनपालटून होते. (काटेकोर अभ्यासक यांतल्या काहींना ‘सदर्न रॉक’ म्हणतील, बॅड कंपनी तर मुळात ब्रिटिश, तिकीटखिडकीवर या सीमा फारशा उरत नाहीत.) निरोप घेऊन झाल्यावरही २०२३ मध्ये स्किनर्डने झेडझेड टॉपबरोबर नवा जोडदौरा काढलाच. त्याच वर्षी ईगल्सनेही आपला दीर्घ निरोप सुरू केला, सोबतीला स्टीली डॅन. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत ‘मूळ संचात’ असे छापतात. तो निकष इथे लावला तर काय उरते? २०१८ च्या मार्शल टकर बँडमध्ये मूळ संचातले गायक डग ग्रे तेवढे होते. स्किनर्डचे शेवटचे मूळ वादक गॅरी रॉसिंग्टन मार्च २०२३ मध्ये वारले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच तो जोडदौरा सुरू झाला. झेडझेड टॉपचे डस्टी हिल २०२१ मध्येच गेले होते.

म्हणजे रसिक फसवले जातात काय? आम्हांस तसे वाटत नाही. या संगीतप्रकारात ‘मूळ संच’ ही कल्पना पहिल्यापासूनच पातळ होती. बफेलो स्प्रिंगफील्ड फुटला, त्यातून १९६८ मध्ये पोको निघाला. पोकोतून रँडी माइझनर बाहेर पडले आणि पुढे ईगल्सचे संस्थापक सदस्य झाले. पोकोत त्यांची जागा टिमथी श्मिट यांनी घेतली, आणि १९७७ मध्ये ईगल्समध्येही माइझनर यांचीच रिकामी जागा पुन्हा श्मिट यांनीच घेतली! प्युअर प्रेअरी लीगचे एके काळचे गायक व्हिन्स गिल हे ग्लेन फ्राय यांच्या मृत्यूनंतर, २०१७ मध्ये, ईगल्समध्ये आले. सोबत फ्राय यांचा मुलगा डीकन. एका घरातली भांडी शेजारच्या घरात जावीत तसे हे वादक इकडून तिकडे जात राहिले. तेव्हा रंगमंचावर कोण उभे आहे याबाबत रसिक उदार आहेत, आणि ही उदारता या परंपरेला धरूनच आहे.

मग अनुदार कशाबाबत? स्वरांबाबत. ध्वनिमुद्रिकेवर जे जसे आहे ते तसेच्या तसे ऐकू यावे, हा त्यांचा आग्रह. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या १९७६ च्या मुद्रणात शेवटचा गिटारचा भाग डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांनी मिळून वाजवला. फेल्डर २००१ मध्ये बँडबाहेर काढले गेले. त्यांची जागा दुसऱ्या वादकाने घेतली याची श्रोत्यांना खंत नाही. मात्र त्या भागातला एक स्वर इकडचा तिकडे झाला तर खंत होईल. ईगल्स तबकडीबरहुकूम वाजवण्याबद्दल प्रसिद्ध आहेत आणि त्याचे त्यांना कौतुक मिळते. त्यांच्या १९७१ ते १९७५ च्या निवडक गाण्यांच्या संग्रहाला २०१८ मध्ये ३८ पट प्लॅटिनमचे प्रमाणपत्र मिळाले. इतक्या घरांत जी वस्तू आहे तीच मैफलीचा मापदंड होणार, हे ओघानेच आले. एफ.एम. केंद्रांनी तीच गाणी वर्षानुवर्षे फिरवून हा साचा पक्का केला. नवे गाणे सुरू झाले की लोक उठून बिअर आणायला जातात, हा विनोद अमेरिकेत जुना आहे. पण त्यात बँडांची कोंडी नेमकी सांगितलेली आहे.

ही अभिरुची जुनी नाही, हा आमचा मुद्दा आहे. ती तबकडीच्या वयाची आहे. ज्या कंट्री संगीतातून या बँडांनी उचल केली, त्याची रीत वेगळी होती.

त्या रीतीचा उत्तम दाखला ऑगस्ट १९७१ चा. कॅलिफोर्नियातील नीटी ग्रिटी डर्ट बँडची लांब केसांची तरुण मुले नॅशव्हिलच्या स्टुडिओत मेबेल कार्टर, अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस, रॉय एकफ या वडीलधाऱ्यांसमोर बसली. काळ संशयाचा होता. तीनच वर्षांपूर्वी, १९६८ मध्ये, बर्ड्‌स हा बँड नॅशव्हिलच्याच ग्रँड ओल ऑप्रीच्या मंचावर गेला तेव्हा श्रोत्यांनी त्याचे थंडपणे, काहींनी तर हुर्यो करून स्वागत केले होते. आणि ग्रॅम पार्सन्सने जाहीर केलेले गाणे सोडून आपलेच गाणे गायल्याने यजमान संतापले होते. एकफ यांनाही या केसाळ मुलांबद्दल शंका होती. तरीही गाणी झाली, आणि १९७२ मध्ये तीन तबकड्यांचा संच निघाला. त्यात गाण्यांमधले बोलणेही राखले आहे. वॉटसन आणि ट्रॅव्हिस यांची पहिली भेट तिथेच झाली. ज्याच्यावरून आपल्या मुलाचे नाव ठेवले त्या माणसाशी वॉटसन बोलत आहेत, आणि ते बोलणे तबकडीवर आहे. इथे ध्वनिमुद्रिका ही बैठकीची नोंद आहे. पुढच्या बैठकींना घातलेला नियम नव्हे. विद्यार्थ्यांनी हा संच आणि ईगल्सचा कोणताही मैफलीचा अल्बम पाठोपाठ ऐकावा, असे आम्ही सुचवू. स्मरण दोन्हींत आहे. एकात ते हाताला काम देते, दुसऱ्यात हाताला बांधून ठेवते.

असो. रसिक सर्वस्वी असेच आहेत असे मात्र नाही, आणि आमच्या तक्रारीला छेद देणारा प्रसंगही याच जगातला आहे. २० ऑक्टोबर १९७७ च्या विमान अपघातात स्किनर्डचे गायक रॉनी व्हॅन झँट, वादक स्टीव्ह गेन्स आणि गायिका कॅसी गेन्स गेले. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, उरलेले वादक श्रद्धांजलीच्या दौऱ्यावर निघाले. गायक म्हणून रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी. बाकीची गाणी त्याने गायली. ‘फ्री बर्ड’ मात्र बँडने नुसते वाजवले आणि शब्द श्रोत्यांनी म्हटले. तबकडीवरचा आवाज तिथे नव्हता, त्याची नक्कलही नव्हती. बेसूर, हजारतोंडी, दर रात्री वेगळे असे ते गाणे होते. ऑप्रीत ज्यांनी हुर्यो केली त्या जुन्या कंट्री श्रोत्यांनाही ही रीत ओळखीची वाटली असती, कारण प्रार्थनामंदिरातले गाणे असेच चालते.

अलीकडच्या दौऱ्यांत याच गाण्याला पडद्यावर रॉनी दिसतो आणि त्याचा मुद्रित आवाज सभागृहात घुमतो. लोक रडतात, आणि त्या रडण्याला खोटे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण १९८७ मध्ये जी ओळ त्यांची झाली होती, ती आता पुन्हा तबकडीने घेतली आहे, आणि त्यांनी ती तक्रार न करता परत दिली आहे.