खिसा हलका, सॅक त्याहून हलकी

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वर्षातून एकदा तरी हे वाक्य हमखास ऐकू येतं, 'पुढच्या वर्षी युरोप करायचाच!' लोक अष्टविनायक करतात, चारधाम करतात, तसा युरोप 'करायचा'. मग एक्सेल शीट उघडते, दहा दिवसांत सात देशांचं पॅकेज येतं, हप्त्यांचा हिशोब होतो आणि अप्रेझल मनासारखं झालं नाही की शीट बंद!

माझा फंडा साधा आहे. परदेशातलं शहर बघायला पैसे लागतात, नाहीतर वेळ लागतो. दोन्ही असेल तर तुम्ही नशीबवान. पण एकच मिळणार असेल, तर डोळे मिटून वेळ मागा.

२०२२च्या उन्हाळ्यात माझ्याकडे तो होता. मास कम्युनिकेशन शिकायला जर्मनीत लाइपझिगला होते. सेमिस्टर संपलेलं, डोक्यावर शैक्षणिक कर्ज आणि हातात ३०० युरो. तेव्हाच्या भावानं साधारण २४ हजार रुपये. त्यात दहा दिवस, तीन शहरं : प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. सोबतीला कोणी नाही.

मदतीला धावून आलं ते जर्मन सरकार. महागाईवर उतारा म्हणून त्या वर्षी जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये त्यांनी ९ युरोचं मासिक तिकीट काढलं होतं. देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि पॅसेंजर गाड्या महिनाभर ९ युरोत. अट एकच, फास्ट गाडीत चढायचं नाही. थेट बसनं लाइपझिगहून प्रागला काही तासांत पोहोचता येतं. मी अख्खा दिवस घालवला. आधी ड्रेस्डेन, मग एल्ब नदीच्या काठाकाठानं जाणारी लोकल. सायकली घेऊन चढणारी कुटुंबं, पलीकडे वाळूच्या खडकांचे उंच कडे. सीमेजवळच्या शेवटच्या जर्मन स्टेशनपर्यंत ९ युरोचं तिकीट, पुढे चेक रेल्वेचं वेगळं. गंमत म्हणजे सीमा ओलांडली की एल्बचं नावही बदलतं, ती 'लाबे' होते. फास्ट गाडीत असते तर हे कळायच्या आत प्राग आलं असतं.

प्रागला मुलींच्या दहा बेडच्या डॉर्ममध्ये वरचा बंक मिळाला. हॉस्टेल ही कल्पनाही जर्मनीतलीच, आणि ती सुचली एका शाळामास्तरांना. रिचर्ड शिरमान त्यांचं नाव. पायी सहलीला नेलेल्या मुलांना स्वस्तात रात्र काढता यावी म्हणून त्यांनी आल्टेनाच्या किल्ल्यात १९१२ साली कायमचं युथ हॉस्टेल सुरू केलं. आमच्या हॉस्टेलच्या किचनमध्ये एक 'फ्री' लिहिलेलं कपाट होतं. जाणाऱ्यानं उरलेलं तेल-मीठ-तांदूळ ठेवायचं, येणाऱ्यानं घ्यायचं. कोणाच्या तरी तांदळाला मी माझ्याजवळच्या हिंग-मोहरीची फोडणी दिली. पाच मिनिटांत एक कोरियन आणि दोन ब्राझिलियन मुली वास घेत हजर! पातेलं चाटूनपुसून साफ.

प्रागचा चार्ल्स ब्रिज बांधायला घेतला १३५७ साली. दुपारी तिथे गेलात तर संध्याकाळी सहाच्या दादरच्या पुलाची आठवण येईल. मी पहाटे साडेपाचला गेले. झाडूवाला, फोटो काढून घेणारं एक नवं जोडपं आणि दोन्ही कठड्यांवर रांगेत उभे असलेले दगडी संत. तिकीट शून्य. फक्त झोप मोडावी लागते.

आता खरं सांगू? एकटं फिरणं सदैव सॉलिड वगैरे नसतं. दुसऱ्या संध्याकाळी नदीवर इतका सुंदर उजेड पडला होता, की मान आपोआप बाजूला वळली. 'ए, ते बघ ना,' म्हणायला शेजारी कोणीच नाही. रेस्टॉरंटमध्ये 'किती जण?' या प्रश्नाला 'एकच' म्हणताना आवाज उगाच बारीक व्हायचा. आई साडेतीन तास पुढे. माझे रात्रीचे नऊ म्हणजे तिचे साडेबारा, तरी ती जागी. 'काय जेवलीस?' एवढाच प्रश्न. त्या रात्री त्याचं उत्तर मी चांगलं वीस मिनिटं दिलं.

व्हिएन्नाला हे जरा सैल झालं. उन्हाळ्यात तिथलं ऑपेरा हाउस बंद असतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये टाउन हॉलसमोरच्या चौकात भल्यामोठ्या पडद्यावर ऑपेरा आणि कॉन्सर्ट दाखवतात. चकटफू! शेजारच्या आजींनी पिशवी उचलून मला जागा दिली आणि तोडक्या इंग्रजीत गोष्ट सांगायला लागल्या. कोण कोणावर भाळलंय, कोण वेशांतर करून आलंय, सगळं. संगीत नाटकाला आजीबरोबर बसल्यासारखं वाटलं. या शहरात नळाला येणारं पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं असतं. पहिली पाइपलाइन १८७३ सालची. म्हणजे बाटली भरून घ्यायची आणि पैसे उरवायचे ते कॉफीसाठी. एक मेलांज मागवली की छोट्या ट्रेमध्ये सोबत पाण्याचा ग्लास येतो आणि मग तासन्‌तास बसलात तरी कोणी उठवत नाही.

बुडापेस्टला पोहोचले आणि आयुष्यात पहिल्यांदा परदेशात श्रीमंत वाटलं. तेव्हा एका रुपयाला जवळपास पाच फोरिंट! लांगोश नावाचा आपल्या भटुऱ्याचा चुलतभाऊ, वर आंबट क्रीम आणि किसलेलं चीज. दोन वेळा तेच जेवण. संध्याकाळी १८९६ सालच्या हिरव्या लिबर्टी ब्रिजच्या लोखंडावर कॉलेजची पोरं-पोरी पाय सोडून बसतात. मीही बसले. शेजारी कोणी नव्हतं, पण या वेळी मान वळली नाही.

परतीच्या रात्रीच्या बसमध्ये शेजारी एक बाई होती, मांडीवर झोपलेली मुलगी. मोबाइलवर ट्रान्सलेटर उघडून तिनं मला स्क्रीन दाखवली : 'युक्रेन. तू?' मी टाइप केलं, 'भारत. फिरायला.' तो दुसरा शब्द टाइप करताना बोट अडखळलं. सहा महिन्यांपूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, माझ्याच वयाची आपली मेडिकलची पोरं युक्रेनमधून सीमा ओलांडून याच बुडापेस्टला आली होती आणि 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांनी घरी परतली होती. बाईची सॅक माझ्याएवढीच होती. माझी हलकी होती, कारण मला तशी आवडते. तिची हलकी होती, कारण घाईत तेवढंच उचलता आलं. कमी पैशांत फिरतेय म्हणून मी दहा दिवस स्वतःला गरीब समजत होते. परत जायला एक खोली होती, रात्री साडेबाराला जागी राहणारी आई होती. आणखी किती श्रीमंत असतं माणूस?

आता गणित उलटं झालंय. खिशात चार पैसे खुळखुळतात, पण वेळ मोजून मिळतो. तुमचंही तेच ना? म्हणून दोस्तांनो, एक्सेल शीटमधले सहा देश खोडा. एकच शहर ठेवा आणि सगळी रजा त्यालाच द्या.

जाता जाता
- एटीएमनं किंवा कार्ड मशिननं 'रुपयांत पैसे वळते करू का?' विचारलं तर 'नाही' म्हणा. तिथल्याच चलनात व्यवहार करा, दर बरा पडतो.
- प्रागमध्ये मनी चेंजरनं वाईट दर दिला? २०१९च्या कायद्यानुसार १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती जपा.
- प्राग आणि बुडापेस्टमध्ये कागदी तिकीट मशिनमध्ये पंच केलं नाही, तर ते विनातिकीटच धरतात.
- आणि हिंगाची डबी दोन पिशव्यांत गुंडाळा. नाहीतर सॅकमधल्या प्रत्येक टी-शर्टला फोडणी बसते!