छप्पर कुणाच्या मर्जीने उडते?

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे आणि कौले उडाली. आमच्याही घराचे समुद्राकडचे पाखे गेले. त्या दिवशी घरात आई होती. ‘हवा कोंडली की छप्पर फुटते’ असे तिने लहानपणापासून ऐकलेले, म्हणून तिने समुद्राकडचे दार मुद्दाम उघडे ठेवले होते. नंतर कुणी म्हणाले, दारामुळेच छप्पर गेले. कुणी म्हणाले, अल्लाहची मर्जी. आई दोन्ही ऐकून गप्प राहिली.

पावसाळा संपल्यावर आम्ही आठ-दहा जण ओसरीवर बसलो. एक निवृत्त तांडेल, कुवेतमध्ये फॅब्रिकेशनचे काम करून आलेला एक जण, कौले शाकारणारे एक चाचा, इंजिनिअरिंगला असलेली शेजारची मुलगी, आणि आई. प्रश्न एकच ठेवला : दार उघडे ठेवावे की बंद?

मुलीने आधी आईची बाजू मांडली. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो. तो बाहेरच्यापेक्षा २० हेक्टोपास्कलने कमी झाला आणि घरातली हवा आतच राहिली, तर छपरावर दर चौरस मीटरला आतून सुमारे २०० किलोचा रेटा येईल. आकडा ऐकून सगळे गार झाले. म्हणजे आईचेच बरोबर! तेव्हा शाकारणारे चाचा हसले. म्हणाले, “अगं, आपल्या घरात बसून वर बघ. कौलाकौलातून उजेड दिसतो. उजेड येतो तिथून हवा जात नाही का?” वादळ काही क्षणात येत नाही, दाब तासन्‌तास हळूहळू उतरतो. तेवढ्या वेळात हवा फटींतून निघून जाते. गणित बरोबर होते, पण आपले घर हवाबंद आहे हे त्यात धरलेले गृहीतक चूक होते. ते पकडले कौले लावणाऱ्या हातांनी.

मग खरा जोर कशाचा? वाऱ्याच्या दाबाचे सूत्र आपल्याकडच्या ‘भारतीय मानक ८७५’च्या तिसऱ्या भागात आहे : मीटर प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. उत्तर येते दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ताशी ६० चा वारा ज्या छपराने सहज सोसला, ते १२० ला का गेले, याचे उत्तर इथे आहे. वारा भिंतीवर आपटून वर वळतो, वळचणीशी आणि आढ्याशी पाख्यापासून सुटतो आणि तिथे पत्र्याला वर ओढतो. कडेला आणि कोपऱ्यात ही ओढ दीडपट-दुप्पट असू शकते. त्यात वाऱ्याच्या तोंडचे दार उघडे असेल तर आत शिरलेली हवा खालूनही ढकलते. म्हणजे वरून ओढ आणि खालून रेटा. दार बंदच हवे होते.

हे ठरल्यावर ओसरीवर शांतता झाली. सगळ्यांनी आईकडे बघायचे टाळले. पण कुवेतवाला उठला आणि पडवीत ठेवलेला जुना पत्रा घेऊन आला. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद, म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. वजन १५ किलोच्या आसपास. त्याला वर ओढणारा जोर, दार बंद असते तरी, सव्वादोनशे किलोपर्यंत जाऊ शकतो. पत्र्याला भोके होती चार. दोन भोकांभोवती पत्रा फाटलेला, कारण वॉशर रुंद नव्हते. एका भोकात हुकाचा तुकडा अडकलेला, खाऱ्या हवेने काडीएवढा झालेला. त्याने खाली पाहून सांगितले, “हे छप्पर मीच चढवले होते. आठ हुक लागतात, मी चार मारले. सगळे चारच मारतात.”

त्याचे हे बोलणे मला त्या दिवसाची खरी कमाई वाटते. दाराचा वाटा होताच, पण छप्पर वर्षानुवर्षे सुटतच आले होते. आईच्या मनावरचे ओझे कुणाच्या सांत्वनाने उतरले नसते, ते हिशेबाने हलके झाले.

एकत्र बसून प्रश्न सोडवण्याची रीत आपल्या जिल्ह्याला परकी नाही. मुंबईत विजेची ट्राम येणार, कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी तिने बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. संचालक नानाभाई मूस यांनी जुनी जागा लगेच सोडली नाही. दोन वर्षे दोन्हीकडे सोबतच नोंदी घेऊन ताडून पाहिल्या. कुणाच्या शब्दावर विसंबायचे नाही, स्वतःच्याही नाही. मोजायचे आणि दुसऱ्याकडून तपासून घ्यायचे.

आपल्या समाजात विज्ञान म्हटले की भाषणे होतात आणि मुलांच्या टक्क्यांचे सत्कार होतात. ओसरीवर हुक मोजणे होत नाही. मर्जीचे म्हणाल, तर उंट आधी बांधायची शिकवण आपल्या घराघरात ठाऊक आहे. आपल्याकडे उंट नाही, पत्रा आहे. आणि तो दगड ठेवून बांधला जात नाही. १५ किलोचे चार दगड म्हणजे ६० किलो, सव्वादोनशेपुढे काहीच नाहीत, वर तेच दगड उडून कुणाच्या डोक्यात पडतात.

म्हणून एक विनंती. मे महिना संपण्याआधी प्रत्येक मोहल्ल्याने एक संध्याकाळ याला द्यावी. मशिदीच्या आणि मदरशाच्या छपरापासून सुरुवात करावी. पत्र्याला हुक किती, गंजले किती, हुक ज्या पाइपाला धरतो तो पाइप भिंतीला बांधला आहे की नुसता चिऱ्यावर टेकला आहे, हे पाहावे. साखळी सगळ्यात कच्च्या कडीपाशीच तुटते. आणि या बैठकीत बायकांना पुढे बसवावे. पुरुष आखातात किंवा समुद्रावर असतात. वादळ येते तेव्हा दार उघडायचे की लावायचे, हे त्याच ठरवतात.

आमच्या छपराला आता पत्र्यामागे आठ हुक आहेत. चढवताना आईने खाली उभे राहून मोजले.