काट्यावर न चढलेला माल



आपली ज्वारी नवी मुंबईत वाशीच्या दाणाबाजारापर्यंत पोचते. माल तिथे विकला काय किंवा तालुक्याला विकला काय, हातात पट्टी येते. वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली, सारे तिच्यावर लिहिलेले असते. आपण लुटले जातो ते खरे. पण लुटीचा हिशेब तरी कळतो.

त्याच नवी मुंबईत आता दुसरा बाजार उभा राहिला आहे. वाशीपासून जवळ घणसोलीला जिओ या टेलिफोन कंपनीचे मोठे ठाणे आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर आहेत. म्हणजे धान्याची नव्हे, माहितीची गोदामे. या बाजाराच्या बड्या पेढ्या अमेरिकेत आहेत. फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब ही त्यांची दुकाने. तिथे आपलाही माल रोज जातो. पण काटा नाही आणि पट्टीही नाही.

कोणता माल? आपला वेळ आणि आपले गणगोत. कोण कोणाशी किती वाजता बोलतो, कोणता व्हिडिओ किती वेळ बघतो, कशाने चिडतो, कशाने हसतो. चिठ्ठीतला मजकूर आम्ही वाचत नाही, असे व्हॉट्सॲपवाले सांगतात. मान्य. पण चिठ्ठी कोणी कोणाला पाठवली, ते त्यांना कळते. या माहितीवर जाहिराती विकल्या जातात. बियाणे, फवारणीचे औषध, कर्ज, पुढारी, सगळ्यांच्या.

या मालाला भाव किती? एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने जिओमध्ये ४३,५७४ कोटी रुपये घातले आणि त्या बदल्यात दहा टक्क्यांहून किंचित कमी वाटा घेतला. तेव्हा जिओचे ग्राहक ३८ कोटींच्या वर होते. हिशेब करा. एकेका ग्राहकामागे ११ हजार रुपयांच्या आसपास पडतात. यात फोनच्या पैशाचा धंदाही आला, हे खरे. तरी गिऱ्हाईक म्हणून ज्याला हाक मारली, तोच माल म्हणून मोजला गेला, एवढे कळायला पुरे.

आपल्याला ही रीत नवी नाही. कापूस आपला. तो स्वस्तात न्यायचा, बाहेर त्याचे कापड करायचे आणि महाग करून आपल्यालाच विकायचे, हे आपले आजे-पणजे बघत आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले ते फुकट आले. मार्च २०१७ पर्यंत फुकटच होते. मग पैसे लागू झाले आणि जुलै २०२४ मध्ये दर पुन्हा चढले. पहिल्या वर्षी बियाणे फुकट वाटणारा पुढच्या वर्षी काय करतो, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून मोबाईल विहिरीत टाका, असे आम्ही म्हणणार नाही. नवे तंत्र शेतकऱ्याच्या हाती आलेच पाहिजे. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप उठला, तो गावोगाव पोचला त्यात या व्हॉट्सॲपचा हात होता. आपल्याकडे ना वर्तमानपत्र, ना पैसा. बाजारभाव, पावसाचा अंदाज, मोर्चाची तारीख खिशात येते, ही मोठी गोष्ट आहे.

पण तेच यंत्र दुसरे कामही करते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजारच्या दिवशी पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. मेलेले नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक मंगळवेढा भागातले. ज्वारीच्या कोठारातून पोटासाठी बाहेर पडलेली माणसे. मारणारेही गावाकडचेच, आपल्यासारखेच गरीब. त्यानंतर कंपनीने एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे ढकलता येईल असे केले. पाच जीव गेल्यावर पाचाची मर्यादा!

पण आम्हाला खरी काळजी घरातली आहे.

आपल्या गावची पोरे घणसोली-कोपरखैरण्यात एकेका खोलीत चौघे-पाच जण राहतात. कोणी त्याच माहितीच्या गोदामांवर रखवालदार आहे. रात्री आई मोबाईल धरून कपाशी दाखवते, पोरगा अंगठा दाखवतो. नातवाचे तोंड दिसते, म्हातारीला बरे वाटते. त्याला नावे ठेवणारे आम्ही कोण? पण बाप सोसायटीची नोटीस दाखवत नाही आणि पोरगा थकलेला पगार सांगत नाही. दोघेही एकमेकांना फक्त चांगले तेवढे दाखवतात. पूर्वी पोरगा वर्षातून दोनदा यायचा, बापाबरोबर वावराला चक्कर मारायचा आणि बांधावर बसल्यावर सगळे बाहेर यायचे. आता रोज भेट होते, म्हणून येणे राहून जाते.

मागच्या हंगामात आमच्या ओळखीच्या एका कपाशीवाल्याने औषध घेतले. आमच्याच गटात होता. रोज पहाटे फुलाचे चित्र आणि 'शुभ सकाळ' पाठवायचा. त्या दिवशीही पाठवले. आम्हीही उलट फूल पाठवले. दुपारी बातमी आली आणि गटावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेत आम्हीही होतो. दोन वर्षांत त्याच्या ओट्यावर मात आम्ही एकदाही बसलो नव्हतो. रोजचे फूल येत होते, म्हणून तो बरा आहे असे समजून चाललो.

त्याला मारले ते कर्जाने आणि भावाने, मोबाईलने नव्हे. हे विसरलो तर सरकार सुटले. पण कर्जाला तोंड देताना माणसाला माणूस लागतो, तो आम्ही दिला नाही. हा दोष आमचा.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. एक, ज्या निरोपाखाली पाठवणाऱ्याचे नाव-गाव नाही, तो आपल्या गटावर पुढे ढकलायचा नाही. दोन, महिन्यातून एक संध्याकाळ गावाच्या पारावर बैठक आणि तेवढा वेळ मोबाईल पिशवीत. तीन, ज्याची कपाशी गेली, ज्याला नोटीस आली, ज्याच्या घरी दुखणे आहे, त्याच्या दारी दोघांनी जायचे. चित्र पाठवायचे नाही, जायचे. नवी मुंबईच्या पोरांनाही हे कळवा. पोळ्याला नाही जमले तर दिवाळीला या, पण या.

कापसाला भाव मागायचा तर आधी आपल्या वेळाला भाव आहे, हे आपण ओळखले पाहिजे. फुकट जाणारा हा माल थोडा घरीही ठेवू या. शेजाऱ्याला त्याची गरज आहे.