पूर्वदर्शनाचा सोस

कोणतीही वस्तू प्रत्यक्ष होण्यापूर्वी ती कशी दिसेल हे पाहून घेण्याचा जो सोस अलीकडे सर्वत्र बोकाळला आहे, तो मला मानवत नाही, हे या सदराच्या वाचकांना निराळे सांगण्याचे प्रयोजन नाही. चष्म्याच्या दुकानदाराने माझाच चेहरा नव्या चौकटीसह मला पडद्यावर दाखविला, तेव्हा मी त्यास काय ऐकविले याचा साद्यंत वृत्तान्त मागे येथेच येऊन गेला आहे. या आठवड्यात मात्र त्या सोसाने आमच्या घरातच ठाण मांडले. आमचे भाचेराव, जे पदवीने अभियंता आणि वृत्तीने अद्याप बालक आहेत, त्यांनी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा लेगोच्या विटांत उभारण्याचा मनसुबा जाहीर केला आणि एकाही विटेस हात न लावता, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून त्याची तसबीर काढवून ती माझ्यापुढे मंजुरीसाठी पेश केली.

ही वीट म्हणजे डेन्मार्कातील बिलुंड गावच्या एका सुताराने १९३२ साली घातलेल्या कारखान्याचे अपत्य. तिच्या आजच्या रचनेचे पेटंट १९५८चे असून, दोन खुंट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर आणि विटेची उंची ९.६ मिलिमीटर हा हिशेब इतका काटेकोर पाळला गेला आहे की त्या सालची वीट आजच्या विटेत बिनतक्रार बसते. आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा परस्परांत गुंतविण्याचे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकार संभवतात. अर्थात जेथे सहा विटांची ही कथा, तेथे बुरुजांसह अख्ख्या दरवाज्याची काय कथा!

तसबीर देखणी होती. परंतु ज्या भिंगाने मी पंचांग वाचतो ते घेऊन बसलो, तेव्हा असे आढळले की डाव्या बुरुजाच्या एका विटेवर तीन खुंट्या आहेत, तिच्या शेजारणीवर साडेतीन, आणि सावलीत तर दोन विटा एकमेकींत विरघळून गेल्या आहेत. नगारखान्याच्या कमानी ज्यावर टेकाव्या असे खाली काहीच नाही. हत्तींची धडक थोपविण्यासाठी दरवाज्यावर ठोकलेल्या अणकुचीदार खिळ्यांच्या जागी गोंडस खुंट्या उगवल्या आहेत. आणि कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक विटेचा रंग ठरलेला व एकजिनसी असताना, येथे एकाच विटेत तपकिरी रंग हळूहळू पिवळसर होत गेला आहे. त्या यंत्राला असंख्य चित्रांतून विटांचे दर्शन घडले आहे, पण विटांशी व्यवहार असा त्याने कधी केलेला नाही.

"मामा, हा नुसता अंदाज असतो. रंग कसे दिसतील, प्रमाण कसे वाटेल, एवढ्यापुरता," भाचेराव म्हणाले, आणि तेवढे मला मान्यही आहे. परंतु अंदाजच हवा तर त्याची रीतसर तजवीज फार पूर्वीपासून आहे. ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसीमन या गृहस्थाने १९९५ साली एलड्रॉ नावाची जी प्रणाली रचली, तीत संगणकावर मांडलेला प्रत्येक तुकडा खऱ्या तुकड्याबरहुकूम असतो, आणि अशा आराखड्यावरून कोणते तुकडे किती लागतील याची यादही तयार करता येते. त्याला दिवस लागतात, हा त्यांचा आक्षेप. दिवस लागावेत, हे माझे म्हणणे.

माझी खरी तक्रार मात्र खुंट्यांच्या संख्येविषयी नाही. मी मंजुरी दिल्यावर भाचेरावांनी विटा मागविल्या काय? नाही, त्यांनी पहाटेचा दरवाजा काढविला, पावसातला काढविला, चांदण्यातला काढविला, आणि बाजीरावांनी १७३० साली ज्याचा पाया घातला त्या वाड्याचा हा दरवाजा चारही ऋतूंत पाहून झाल्यावर, तो बांधल्याचे समाधान मुखावर घेऊन ते जेवावयास बसले.

हे समाधान मी ओळखतो, कारण आमची सदनिका मी अशाच समाधानाच्या भरात खरेदी केली. बांधकाम व्यावसायिकाने दिलेल्या गुळगुळीत पुस्तिकेत इमारतीपुढे कमळांचे तळे होते, तळ्याकाठी एक गोरेपान कुटुंब बिनसावलीचे चालत होते, आणि कोणाच्याही गच्चीत धुणे वाळत नव्हते. तळाशी मुंगीच्या अक्षरांत 'चित्र काल्पनिक' अशी नोंद होती, ती आमच्या सौभाग्यवतींनी तेव्हाच वाचली होती, असे त्या आजतागायत सांगतात. गृहसंस्थेच्या चिटणीसांनी ती पुस्तिका पुरावा म्हणून दप्तरी जपून ठेवली असून, दरसाल वार्षिक सभेत तिचे पान उघडून तळ्याविषयी ठराव मांडला जातो. तळमजल्याचे निवृत्त मामलेदार त्यास हरकत घेतात, कारण त्यांच्या मते तळे झाले की डास आलेच. तिसऱ्या मजल्यावरील भगिनींस तळे चालेल, परंतु कमळे नकोत. आणि गेल्या सभेत तर चित्रातील तळ्याची लांबी पट्टीने मोजून, त्या मापाने नुकसानभरपाई मागावी, अशी उपसूचना आली. ती पुढील सभेकडे वर्ग झाली आहे. तळ्याच्या नियोजित जागी उन्हाळ्यात पाण्याचा टँकर उभा राहतो, आणि त्याचे बिल मात्र कधी काल्पनिक आल्याचे स्मरत नाही.