स्वस्त बॅटरी की परवडणारी बॅटरी?

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाच्या दिवशी पार्किंग लॉटवर सहज नजर टाकावी. नव्या कोऱ्या एसयूव्हींच्या रांगेत पाच-सहा जुन्या हायब्रिड गाड्या हमखास दिसतात. होंडाची इन्साइट १९९९ च्या डिसेंबरात आणि टोयोटाची प्रियस २००० साली अमेरिकेत विक्रीला आली. हिशेबाला पक्क्या असलेल्या आपल्या मंडळींनी पुढच्या वर्षांत या गाड्या आवडीने घेतल्या. आज त्यांतल्या बऱ्याच घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी म्हणून राबत आहेत. कोणाची मुलगी ती घेऊन कॉलेजला जाते, कोणी ती शिकायला आलेल्या भाच्याला दिलेली असते.

आणि मग एके दिवशी डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटतो. मेकॅनिक सांगतो, "हायब्रिड बॅटरी गेली." त्या आठवड्यात आपल्याला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला, "अहो, किती वर्षं ओढणार? काढून टाका आणि नवी घ्या." दुसरा, "माझ्या ओळखीचा एक जण हजार-बाराशेत बसवून देतो." माझे स्पष्ट मत असे आहे की हे दोन्ही सल्ले घाईचे आहेत. गाडी बाकी धडधाकट असेल तर बॅटरी बदलणे हाच बहुधा शहाणपणाचा व्यवहार असतो. मात्र सर्वांत स्वस्त बॅटरी ही सर्वांत परवडणारी बॅटरी नसते.

आधी निदानाविषयी. या गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक मोठी, जी गाडी चालवायला मदत करते, आणि दुसरी नेहमीची छोटी १२ व्होल्टची. छोटी कमजोर झाली तरी डॅशबोर्डवर नाना तऱ्हेचे दिवे लागतात आणि मोठीवर आळ येतो. छोटी पार्ट्सच्या अनेक दुकानांत फुकट तपासून मिळते, तेव्हा सुरुवात तिथून करावी. त्यानंतर मेकॅनिककडून कॉम्प्युटरवर आलेला कोड लिहून घ्यावा. "पी०ए८०" हा कोड मोठी बॅटरी बदला असे सुचवतो. तेवढ्यावरही न थांबता प्रत्येक ब्लॉकच्या व्होल्टेजचे आकडे मागावेत. २००४ ते २००९ च्या प्रियसमध्ये २८ मॉड्यूल असतात आणि गाडीचा कॉम्प्युटर त्यांच्यावर १४ जोड्यांत लक्ष ठेवतो. एखादी जोडी इतरांच्या मागे पडली की ते आकड्यांत दिसते. हे आकडे दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट वॉरंटीची. टोयोटाची हायब्रिड बॅटरीवरची वॉरंटी पूर्वी ८ वर्षे किंवा १,००,००० मैल होती. २०२० च्या मॉडेलपासून ती १० वर्षे किंवा १,५०,००० मैल झाली. कॅलिफोर्नियात आणि तिचे प्रदूषणाचे नियम स्वीकारलेल्या काही राज्यांत जुन्या अनेक हायब्रिड मॉडेलांनाही १० वर्षे व १,५०,००० मैलांचे संरक्षण होते. गाडी अगदी सीमारेषेवर असेल तर खिशात हात घालण्याआधी वॉरंटीची पुस्तिका उघडावी आणि व्हीआयएन नंबर देऊन डीलरकडे चौकशी करावी. फोनचे पैसे पडत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. बाजारात बॅटरी साधारण तीन प्रकारांनी मिळते. पहिली नवी, म्हणजे कंपनीची किंवा दुसऱ्या उत्पादकाने नवे सेल घालून केलेली. दुसरी जंकयार्डमधल्या अपघातग्रस्त गाडीतून काढलेली. तिसरी "रिकंडिशन्ड", म्हणजे जुन्या बॅटरीतले दुबळे मॉड्यूल काढून त्या जागी दुसऱ्या जुन्या बॅटरीतले जरा बरे मॉड्यूल घातलेली. जाहिरातीत सर्वांत जास्त दिसते ती ही तिसरी.

रिकंडिशन्ड बॅटरीची अडचण समजायला इंजिनियर असण्याची गरज नाही. ही २८ मॉड्यूल एका माळेत जोडलेली असतात, प्रत्येकी ७.२ व्होल्ट, एकूण २०१.६ व्होल्ट. सगळी एकाच वयाची, एकाच उन्हाळ्यात तापलेली. एक गेले याचा अर्थ बाकीची २७ तरुण आहेत असा होत नाही. माळेची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या मण्याइतकीच. एक दात काढला की शेजारचा हलायला लागावा, तसे सहा महिन्यांनी दुसरे मॉड्यूल मान टाकते. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार?

आमच्या २००९ च्या प्रियसचा दिवा लागला तेव्हा मी चार ठिकाणांहून भाव मागवले. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त भावात दुपटीहून अधिक अंतर होते. सर्वांत स्वस्त दुकानदाराने फोनवर "लाइफटाइम वॉरंटी" म्हणून सांगितले. मी कागद मागवून वाचला. मजुरी त्यात नव्हती, टोइंग नव्हते, आणि गाडी त्यांच्याच दुकानापर्यंत न्यायची होती. आमची मुलगी हॉस्पिटलमधल्या रात्रपाळीसाठी हीच गाडी रोज चाळीस मैल चालवते. पहाटे चार वाजता हायवेच्या कडेला उभ्या राहिलेल्या गाडीत ती "लाइफटाइम" काय कामाची? आम्ही नवी बॅटरी बसवली.

वाचकहो, भावांची तुलना करताना एकूण किंमत न पाहता वर्षाची किंमत काढावी. समजा, रिकंडिशन्ड बॅटरी १,४०० डॉलरना मिळाली आणि दीड वर्ष चालली. म्हणजे वर्षाला सुमारे ९३० डॉलर पडले, शिवाय दोनदा टोइंग, दोनदा सुट्टी आणि मनस्ताप. नवी बॅटरी मजुरीसकट ३,००० डॉलरना पडली आणि सहा वर्षे चालली, तर वर्षाला ५०० डॉलर. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपापल्या गावचे भाव घालून प्रत्येकाने हा भागाकार करावा.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. भाचा वर्षभरात पदवी घेऊन दुसऱ्या राज्यात जाणार आहे, गाडी तोपर्यंतच हवी आहे आणि हातात पैसे बेताचे आहेत, अशा वेळी रिकंडिशन्ड बॅटरी घेणे चुकीचे नाही. मात्र आपण एक वर्ष विकत घेत आहोत हे पक्के ठाऊक असावे. जंकयार्डची बॅटरी घ्यायची तर ती कुठल्या वर्षाच्या गाडीतली आहे ते विचारावे. ही बॅटरी मैलांबरोबर वयाने आणि उष्णतेनेही झिजते; पंधरा वर्षे ॲरिझोनाच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी कमी मैलांची असूनही थकलेली असू शकते.

कोणतीही बॅटरी घ्या, चार गोष्टी लेखी मागा. वॉरंटी किती महिने, त्यात मजुरी धरली आहे का, गावाबाहेर बंद पडली तर काय, आणि जुनी बॅटरी परत केल्यावर किती पैसे मिळणार. या शेवटच्या रकमेला "कोअर चार्ज" म्हणतात. कंपनीच्या बॅटरीवर तो अनेकदा हजार डॉलरच्या वर असतो, त्यामुळे एकाने तो धरून आणि दुसऱ्याने वगळून भाव सांगितला की तुलना फसते. डीलरकडच्या बदली बॅटरीला मूळ गाडीइतकी लांब वॉरंटी आपोआप मिळते असेही समजू नये.

बॅटरी बदलण्याआधी बाकीच्या गाडीची तब्येतही पाहावी. इंजिन ऑइल पिते का, कूलंट कमी होतो का, ब्रेकची यंत्रणा ठीक आहे का, खालून गंज किती चढला आहे? हायब्रिडच्या ब्रेकचा ॲक्च्युएटर बदलायचा झाला तर तो खर्चही बॅटरीच्या तोडीचा होऊ शकतो. दोन मोठे खर्च एकदम दिसत असतील तर गाडीला निरोप द्यावा. त्यात कमीपणा नाही.

पण गाडी ठणठणीत असेल तर केवळ "लोक काय म्हणतील" म्हणून नवी घेऊ नये. महिना ४५० डॉलरचा हप्ता धरला तर सात हप्त्यांत नव्या बॅटरीची किंमत भरून निघते, आणि पुढचे पन्नास-साठ हप्ते शिल्लकच राहतात. त्यावर सेल्स टॅक्स, आणि कर्ज आहे म्हणून घ्यावा लागणारा पूर्ण विमा. इलेक्ट्रिक गाडीवर मिळणारी ७,५०० डॉलरपर्यंतची केंद्र सरकारची कर-सवलत, तसेच जुन्या इलेक्ट्रिक गाडीवरची ४,००० डॉलरपर्यंतची सवलत, ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना बंद झाली आहे. तेव्हा "सवलत आहे तोवर घ्या" हे कारणही आता उरलेले नाही.

दोन सूचना राहिल्या. मागच्या सीटच्या बाजूला बॅटरीच्या पंख्याची जाळी असते. तिच्यावर सामान ठेवू नये आणि ती धुळीने, कुत्र्याच्या केसांनी तुंबू देऊ नये. बॅटरी तापते ती इथेच. नवी बॅटरी बसवताना पंखा साफ करून घ्यावा. आणि घरच्या घरी बॅटरी उघडण्याचा प्रयोग करू नये. दोनशे व्होल्टची ही वीज जीवघेणी असते, आणि त्या नारिंगी केबल्स तेच सांगत असतात.

शेवटी मंडळींना एक विनंती. बॅटरी बसवल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आपण सगळ्यांना सांगतो, "एकदम मस्त चाललीय, त्याच्याकडेच जा." दुसऱ्या आठवड्यात कोणतीही बॅटरी मस्तच चालते. ज्यांच्या बॅटरीने दोन उन्हाळे काढले आहेत त्यांनी कोणती घेतली, कितीला घेतली आणि वॉरंटीचा प्रसंग आला तेव्हा दुकानदार कसा वागला, एवढे चार ओळींत या सदराकडे लिहून पाठवावे. नव्याने दिवा लागलेल्या एखाद्या कुटुंबाचे त्याने हजार डॉलर वाचतील.