दुःखी डॉन आणि आपले पाणावलेले डोळे

गुन्हेगारी टोळ्यांवरील चित्रपट आणि मालिका यांविषयी एक समजूत आपल्याकडे जवळजवळ सिद्धान्तासारखी रूढ झाली आहे. जुन्या कलाकृती गुंडाचे उदात्तीकरण करीत. नव्या कलाकृती मात्र त्याच्या आयुष्यातले भय, दैन्य आणि एकाकीपण दाखवतात, सबब त्या नैतिकदृष्ट्या प्रगल्भ होत, अशी ती समजूत. विषय निघाला की माझे विद्यार्थी हेच सांगतात आणि बरेच समीक्षकही हेच लिहितात. मला हे मान्य नाही. दुःख दाखवूनही उदात्तीकरण करता येते. किंबहुना ते अधिक बेमालूमपणे करता येते.

मुळात गुंडाची शोकान्तिका ही काही आजची गोष्ट नव्हे. १९३२ साली 'स्कारफेस' प्रदर्शित झाला तेव्हा सेन्सॉरच्या दडपणाखाली त्याला 'राष्ट्राची लाज' अशा अर्थाचे उपशीर्षक चिकटवावे लागले होते. शेवटी नायक मेला पाहिजे, ही त्या काळची अट. रॉबर्ट वॉर्शो या समीक्षकाने १९४८ साली गुंडाला 'शोकात्म नायक' म्हटले, पण त्याच निबंधात त्याने एक अडचणीची गोष्टही नोंदवली होती : प्रेक्षकाला येथे दुहेरी समाधान मिळते. आधी तो गुंडाच्या क्रौर्यात मनाने सहभागी होतो आणि मग तेच क्रौर्य गुंडावर उलटलेले पाहून निर्धास्त होतो. गुंडाचा शेवट म्हणजे आपण घेतलेल्या आनंदाची भरलेली पट्टी. पुढे सेन्सॉर सैल झाला. आता गुंड मेलाच पाहिजे असे नाही, तो दुःखी असला तरी भागते. पट्टी तीच, भरण्याची रीत बदलली.

'द गॉडफादर'चा दुसरा भाग (१९७४) घ्या. शेवटी मायकेल एकटा बसलेला दिसतो आणि त्या चेहऱ्यावरच्या पोकळीने आपण हेलावतो. त्याने नुकताच सख्ख्या भावाचा, फ्रेडोचा खून करवलेला आहे. मरतो फ्रेडो आणि दुःखाचा मान मात्र मायकेलला मिळतो. कॅमेरा ज्याच्या चेहऱ्यावर थांबतो त्याचे दुःख मोठे, हा चित्रभाषेचा साधा नियम आहे. या नियमाचा लाभ नेहमी मारणाऱ्यालाच का मिळावा, हा माझा प्रश्न आहे.

१९९९ ते २००७ या काळात अमेरिकेत गाजलेल्या 'द सोप्रानोज'ने तर गुंडाला थेट मानसोपचारतज्ज्ञापुढे बसवले. टोनी सोप्रानोला भीतीचे झटके येतात, आईविषयीच्या जखमा भळभळतात. ही मालिका श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. पण तिचा प्रेक्षक काय करतो? टोनीच्या क्लबमध्ये नाचणाऱ्या एका तरुण मुलीला राल्फ नावाचा त्याचा साथीदार मारहाण करून ठार करतो. टोनी संतापतो, त्याला चोपतो, पण धंद्यासाठी पुढे त्याच्याशी जुळवून घेतो. त्याच राल्फवर एका घोडीला जाळून मारल्याचा संशय येतो तेव्हा मात्र टोनी त्याचा जीव घेतो. लेखकांनी ही विषमता जाणूनबुजून रचली आहे. आपल्याला मात्र घोडीसाठी हळवा झालेला टोनी आठवतो; त्या मुलीचे नाव किती जणांना सांगता येईल?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. उत्तम कलाकृतींना हा सापळा ठाऊक असतो. 'गुडफेलाज' (१९९०) मधला हेन्री हिल शेवटी साक्षीदार म्हणून सरकारी संरक्षणात जगतो आणि त्याची खंत काय, तर आता सामान्य माणसासारखे जगावे लागते! पश्चात्तापाचा मागमूस नाही. 'सोप्रानोज'च्या अखेरीस तर त्या डॉक्टरबाईंना कळून चुकते की असल्या रुग्णाला उपचारांतून फक्त अधिक सफाईने खोटे बोलता येते. त्या त्याला दार दाखवतात. म्हणजे मालिकेनेच आपल्या श्रोत्यांवर ठपका ठेवला. तो ठपका आपण वाचला नाही. सहानुभूतीलाच समज मानण्याची आपली सवय येथे आड आली.

आपल्याकडे हे अधिक जवळून तपासता येते, कारण आपल्या हिंदी पडद्यावरचे गुंड अनेकदा मराठी नाव घेऊन येतात. 'सत्या' (१९९८) मध्ये चित्रपटगृहातली चेंगराचेंगरी आहे. सत्याने झाडलेल्या गोळीने ती सुरू होते आणि आपण श्वास रोखून पाहतो ते एकच : विद्या सुखरूप आहे ना? पायदळी तुडवली गेलेली माणसे कोणाची होती, हे चित्रपट विचारीत नाही, आपणही नाही. भिकू म्हात्रे मरतो तेव्हा मात्र आपल्याला घरचे माणूस गेल्यासारखे वाटते.

याच्या शेजारी जयंत पवारांचे 'अधांतर' ठेवून पाहावे. १९८२च्या संपाने मोडलेल्या गिरणी कामगाराच्या घरातला नरू टोळीकडे वळतो. नाटक त्याच्या मागोमाग अड्ड्यावर जात नाही. ते चाळीतल्या खोलीतच थांबते. गुंडगिरी तेथे दारातून आत येते, आईच्या आणि भावंडांच्या वाट्याला येते. टोळीचे दैन्य ज्यांना भोगावे लागते त्यांच्या बाजूला बसून सांगितलेले ते दैन्य आहे. म्हणूनच नरूची ऐट आपल्याला मोह घालत नाही.

पालेर्मो शहरात लिबेरो ग्रास्सी नावाचा एक कपड्यांचा कारखानदार होता. १९९१च्या जानेवारीत त्याने खंडणी मागणाऱ्याला उद्देशून वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले : पैसे देणार नाही. इतर उद्योजकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. २९ ऑगस्ट रोजी घराजवळच त्याला गोळ्या घालण्यात आल्या. एकटेपणाच म्हणायचा तर या माणसाचा त्या आठ महिन्यांतला एकटेपणा मायकेल कॉर्लिओनेहून कमी नव्हता, आणि तो त्याने दुसऱ्याचा जीव घेऊन ओढवून घेतलेला नव्हता.

गुंडांवर चित्रपट काढू नयेत, असे मी म्हणत नाही. बंदीची मागणी करणाऱ्यांच्या रांगेत मला उभे राहायचे नाही. मात्र पुढल्या वेळी एखाद्या टोळीप्रमुखाच्या उदास चेहऱ्यापुढे आपले डोळे पाणावतील, तेव्हा त्या कथेत आतापर्यंत कोणकोण मेले, त्यांची नावे आपण मनाशी मोजून पाहावीत. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता हाच स्वाध्याय देतो. बहुतेकांची यादी दोन-तीन नावांवर थांबते.